पाण्याच्या टाकीजवळचा ब्लॉग

रंजीताचा पहिला फोन आला तेव्हा सरवरीच्या ओठांत सहा टाचण्या होत्या. समोर एक नवरी मुलगी हात वर करून उभी होती, तिच्या ब्लाउजची पाठ काही केल्या बसत नव्हती, आणि फोन मशीनच्या फळीवर थरथरत थरथरत कडेपर्यंत आला होता. सरवरीनं तो कोपरानंच स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, सरवरीताई का? मी रंजीता, नागपूरहून बोलतेय. आमची सगळ्यांची इच्छा आहे की तुम्ही एक ब्लॉग सुरू करावा."

सरवरीला ऐकू आलं, ब्लाउज.

"हं," टाचण्यांच्या मागून ती म्हणाली.

"म्हणजे तुमची तयारी आहे?"

"हं."

"वा! मग मी सगळ्यांना कळवते."

फोन बंद झाला. सरवरीनं टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि नवरीला म्हणाली, "ब्लाउज त मी रोजच सुरू करते. याच्यात सगळ्यायले कायले कळवा लागते?"

रिसोडला पाण्याच्या टाकीजवळ, घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं. वय सत्तेचाळीस. शाळा सातवीपर्यंत, उर्दूतली. कटिंग मात्र तिनं वडिलांच्या, रहमतुल्ला मास्तरांच्या मांडीला मांडी लावून शिकलेली. गिऱ्हाइकांच्या मापांची वही ती आजही उर्दूत लिहिते, आणि गिऱ्हाइकाशी बोलते वऱ्हाडीत. नवरा इमरान बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करतो. एकुलती मुलगी उमेरा अमरावतीला कपड्यांच्या कारखान्यात कटिंग विभागात आहे.

कॉम्प्युटर घरात आला तो उमेरामुळे. तिच्या डिप्लोमाचे वर्ग घरून चालायचे तेव्हा घेतलेला तो लॅपटॉप. त्यावर तिनं फर्मे काढायचं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. मापं भरली की ते ब्लाउजचा, कुर्त्याचा, बाहीचा आराखडा काढून देतं. मग तो कागदावर छापायचा, कागद चिकटपट्टीनं जोडायचे, कापडावर ठेवायचे आणि कात्री चालवायची. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. सरवरी त्याला "फर्मावाला" म्हणायची. उमेरा नोकरीला गेली, तिला तिथं दुसरा कॉम्प्युटर मिळाला आणि हा घरीच राहिला. सरवरीचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते. जमिनीवर ओणवं बसून पेपर कटिंग करणं होत नव्हतं. तिनं फर्मावाल्याला हात घातला तो गुडघ्यांसाठी.

पहिला ब्लाउज निघाला तेव्हा तिला हसू आलं. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल, असा लोंबत होता की त्यात आणखी एक बाई मावली असती. तिनं छापलेल्या कागदावर लाल पेननं स्वतःची रेघ ओढली, फोटो काढून उमेराला पाठवला आणि म्हणाली, "यायले सांग, आपल्या इकडच्या बायांचा खांदा असा नाई राहत." उमेरानं तो फोटो, जिथं वापरणारे लोक तक्रारी लिहितात तिथं टाकून दिला. सरवरी विसरूनही गेली.

दोन दिवसांनी रंजीताचा दुसरा फोन आला, तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या.

"ब्लॉग हो ताई, ब्लाउज नाही," रंजीता हसत म्हणाली. "इंटरनेटवर एक पान असतं. आपण त्यावर लिहायचं, लोक वाचतात, खाली प्रश्न विचारतात. तुम्ही ते फर्म्यांचं सॉफ्टवेअर वापरता ना? ते मराठीतून वापरणारे बरेच आहेत, पण त्यांच्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही. सगळी माहिती इंग्रजीत. तुम्ही बोला त्यांच्याशी."

"तुमची कंपनी कोठी हाय?"

"कंपनी नाही."

"मंग तुमी कोन?"

"मी तुमच्यासारखीच, वापरणारी. नोकरी दुसरीच करते. सुट्टीच्या दिवशी त्याचं मराठी भाषांतर करते."

"मंग मालक कोन हाय?"

"मालक कुणीच नाही. म्हणजे, तसं पाहिलं तर सगळेच."

बिनमालकाची म्हणावी अशी एकच गोष्ट सरवरीला आठवली, बाजारात फिरणारा वळू. आणि त्याच्याही पुठ्ठ्यावर कुणीतरी डाग दिलेला होता.

जेवताना तिनं इमरानला सांगितलं. तो घास थांबवून म्हणाला, "फुकट देते, मालक नाई, आन वरून तुले लिव म्हन्ते. ओटीपी मांगतला का?"

"नाई."

"मांगन. आज नाई त उद्या मांगन."

मग तिनं उमेराला विचारलं. उमेरा म्हणाली, "अम्मी, नानानं तुले कटिंग शिकवली, तुह्या गल्लीतल्या चार पोरीयले बी शिकवली. कोनाले लपवून ठेवली का? तसंच हाय हे. कोनीतरी फर्मा काढाची रीत बनवली आन सगळ्यायच्या समोर मांडली. ज्याले पायजे त्यानं घ्यावी, ज्याले चूक दिसली त्यानं नीट करावी. तू नाई का लाल पेननं मुंढा नीट केला?"

"थो त मी कागदावर केला."

"आता थो सगळ्यायच्या कॉम्प्युटरवर झाला. नव्या फर्मावाल्यात तुह्यीच रेघ हाय. म्हनून त त्या बाईनं तुले शोधलं."

"सगळ्यायच्या म्हंजे कोनाच्या?"

"सगळ्यायच्या म्हंजे सगळ्यायच्या, अम्मी!"

सरवरीनं लॅपटॉप उघडला आणि मुंढ्याच्या त्या गोलाईवरून बोट फिरवलं. तिची होती खरी. खांद्यावरून उतरताना जरा आत जाऊन मग बाहेर येणारी. आपली ओढणी बाजारात दुसरीच बाई घेऊन चालली आहे असं दिसावं, आणि तिला हाक मारावी की नाही हे कळू नये, तसं तिला झालं. आनंद झाला की राग आला, हे तिला अजूनही ठरवता येत नाही.

"नाई" म्हणायचं ठरवून तिनं रंजीताला फोन लावला. पण रंजीतानं आधीच सगळ्यांना कळवलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी सरवरीचं अभिनंदन केलं होतं. टाचण्यांमागून निघालेले दोन "हं" आता कसे परत घ्यायचे, हे तिला सुचेना.

ब्लॉग उघडताना फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न होता: ब्लॉगचं नाव. सरवरी मराठी वाचते ती एकेक अक्षर लावत. नाव म्हणजे दुकानाचं नाव विचारताहेत असं समजून तिनं दारावरच्या पाटीवर होतं तेच्या तेच भरलं. "सरवरी लेडीज टेलर, पाण्याच्या टाकीजवळ, रिसोड. शुक्रवारी बंद." रंजीता म्हणाली की बदलता येईल. मग तीच म्हणाली, राहू द्या, छान आहे. छान काय आहे हे सरवरीला समजलं नाही.

लिहायचं कसं हा पुढचा घोळ. उर्दूत लिहावं तर वाचणार कोण, आणि मराठी लिहायला बसावं तर एका ओळीला एक बाही शिवून होईल. उमेरानं तिला फोनवर बोलून लिहायला शिकवलं. आपण बोलायचं, फोन लिहितो. पण बोलायचं कुणाशी? रंजीता "वापरकर्ते, वापरकर्ते" म्हणायची. सरवरीच्या डोळ्यांपुढं त्या शब्दानं कुणीच उभं राहीना. शेवटी तिनं गिऱ्हाइकाचं स्टूल समोर ओढलं, त्यावर एक नवशिकी पोरगी बसली आहे असं धरलं आणि फोन तोंडाशी नेला. "हे पाय पोरी, घाबरू नको. मीबी घाबरली होती."

फोननं छातीच्या चुण्यांच्या "टक्स"चं "टॅक्स" लिहिलं आणि खांद्याच्या "तिऱ्या"चा "हिरा" केला. सरवरीनं अक्षरं लावत वाचलं, पण घाईत हे निसटलं, आणि पहिला लेख तसाच गेला: "आधी समोरचे दोन टॅक्स घ्या, मग हिरा मोजा." रंजीतानं दुसऱ्या दिवशी हसून हसून तो दुरुस्त केला.

आठवड्यानं सरवरीनं विचारलं, "वाचला का कोनी?"

"तिघांनी."

"कोन कोन?"

"एक मी, एक उमेरा, आणि..." रंजीता जरा अडखळली, "एक तुम्ही स्वतः."

"म्हंजे मी मलेच सांगून राह्यली!"

पण महिन्याभरात आकडा वाढला. लातूरच्या एका माणसानं जेन्ट्स शर्टचं विचारलं. कुणी नुसतं "नाईस" लिहिलं. परदेशातल्या एकानं लांबलचक इंग्रजी मजकूर टाकला. उमेरानं वाचून सांगितलं, की त्याला एक अक्षर समजलेलं नाही, तरी हे पाहून तो फार खुश झाला आहे.

"समजलं नाई त खुश कायले झाला?" सरवरी म्हणाली.

इमरान दर दोन-चार दिवसांनी विचारायचा, "मांगतला का?" ती मान हलवायची. तो आणखीच काळजीत पडायचा.

तिसरा लेख मुंढ्यावर होता. साध्या कुर्त्याच्या फर्म्यात मुंढा अजून थोडा सैल निघायचा, तो कसा आवळायचा हे तिनं सांगितलं. "मुंढ्याच्या खोलीचा आकडा दोननं कमी कर, पोरी. बाही आपोआप तशी होते." हा लेख बऱ्याच जणांनी वाचला. दोनशे बारा आकडा दिसला तेव्हा सरवरीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एवढी माणसं या खोलीत आली तर उभी कुठं राहतील, असं तिच्या मनात येऊन गेलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, दुपारी, एक तिशीची बाई मोठं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. अंगावर साधी साडी, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. तिनं आधी पाटी वाचली, मग सरवरीकडं पाहिलं.

"कॉम्प्युटरवर लिवनाऱ्या आपा तुमीच ना?"

"हाव. बसा. काय शिवाचं हाय?"

"शिवलेलं हाय," ती बाई म्हणाली. "उसवाचं हाय."

ती भागिरथा, आसेगावजवळच्या तांड्यावरची. तिथल्या बचत गटाच्या बायांनी दोन मशीन घेतल्या होत्या. शिवण शिकवायला आलेल्या बाईनं भागिरथाला ते फर्म्यांचं सॉफ्टवेअरही दाखवलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचं लेझीम होतं, त्यासाठी सोळा कुर्ते शिवायचं काम गटानं घेतलं होतं. सगळे सोळा कापून झाले होते. चार शिवून झाल्यावर मुलींना घालून पाहिले, तर एकीचाही हात खांद्याच्या वर जाईना.

भागिरथानं गाठोडं सोडलं आणि एक पिवळा कुर्ता फळीवर पसरला. सरवरीनं मुंढ्यात मूठ घातली. मूठच अडकली.

"हे कोनं सांगतलं तुले एवढा आवळाले?"

"तुमीच," भागिरथा म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. तिनं फोनवर लेख काढून दाखवला. "दोननं कमी कर, पोरी. मले बी वाटलं, दोन लय होतात. पन म्हटलं, आपा लिवते, तिले जास्त समजते."

सरवरीनं लॅपटॉप उघडला. दोघी शेजारी बसल्या. तोच कुर्ता, आकडा भरायची तीच चौकट, तोच दोनाचा आकडा. सरवरीच्या पडद्यावर मुंढा बरोबर बसत होता. तिला काही म्हणता काही उमजेना. माझा बसतो, हिचा का बसत नाही? तिनं स्वतःचं माप पुन्हा घेतलं. टेप गळ्यातून काढला, उलटा केला, आणि मापून आकडा भरला.

"आपा, टेप उलटा काहून केला?" भागिरथानं विचारलं.

"कॉम्प्युटरसाठी उलटीच बाजू राह्यते ना."

"मी त सुलट्यानंच भरते."

सरवरीनं टेप पुन्हा उलटसुलट करून पाहिला. सुलट्या बाजूला इंच होते, उलट्या बाजूला सेंटिमीटर. उमेरानं पहिल्या दिवशी "कॉम्प्युटरसाठी ही बाजू" म्हणून जे सांगितलं होतं, त्यावर सरवरीनं पुन्हा विचारच केला नव्हता. तिचे दोन म्हणजे उलट्या बाजूचे दोन. भागिरथाला शिकवणाऱ्या बाईनं सॉफ्टवेअर इंचांवर लावून दिलं होतं. तिचे दोन म्हणजे बोटाच्या दोन पेरांपेक्षाही जास्त. आणि त्या चौकटीत आकड्याच्या पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"चूक कोनाची म्हनाची मंग?" भागिरथा हळूच म्हणाली. "तुमची, का माह्यी, का त्या कॉम्प्युटरची?"

सरवरीनं आयुष्यात कापड बिघडवलं नव्हतं असं नाही. पण बिघडलेलं कापड तिच्या हातातलं असायचं, गिऱ्हाईक समोर असायचं, माफी मागून नीट करून देता यायचं. ज्या कापडाला तिनं हातही लावला नाही, जी खोली तिनं पाहिली नाही, तिथं तिच्या शब्दानं कात्री चालली होती. आणि तेवढ्यात तिला तो आकडा आठवला. दोनशे बारा. भागिरथा ब्लॉगच्या नावातला पत्ता वाचून दोन बसगाड्या बदलून आली. बाकीच्यांचं काय? त्यांतल्या किती जणींचा टेप सुलटा होता?

पण समोर सोळा कुर्ते होते.

"संमेलन कधी हाय?"

"परवा."

सरवरीनं कुर्ता उलटा करून बघितला. मुंढा खाली कापून मोठा करता येत होता, तिथं कापड शिल्लक होतं. बाहीचं अवघड होतं. ती त्याच आवळ मापानं कापलेली, आता तिला कापड कुठून आणायचं? सरवरीनं बाही हातावर घेऊन ताणून पाहिली. मग उठून तिनं कतरणींची पिशवी पालथी केली आणि लाल सुती तुकडे वेगळे काढले.

"चौबगला बसवू," ती म्हणाली. "अब्बा शेतावरच्या मानसायच्या सदऱ्याले बसवत. बगलेत चौकोनी तुकडा, तिरपा. मंग हात कितीबी वर जाऊ दे, सदरा वढत नाई."

तिनं एक करून दाखवला. मुंढा खाली घेतला, बाहीची शिवण उसवली आणि बगलेत लाल चौकोन तिरपा बसवला. कोपऱ्यावर सुई थांबवून कापड कसं फिरवायचं, हे भागिरथाला तीनदा दाखवावं लागलं. चौथ्या वेळी तिला जमलं. मग एकीनं तुकडे कापायचे, दुसरीनं शिवायचे, असं सुरू झालं. इमरान दुकानातून चहा घ्यायला आला तो दारातच थांबला. पिवळे कुर्ते, लाल तुकडे आणि मधे अनोळखी बाई.

"हे कोन?"

"वापरकर्ते," सरवरी म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

इमरानला काही कळलं नाही. त्यानं चहा टाकला आणि तीन कप भरले.

शेवटच्या बसपर्यंत अकरा कुर्त्यांच्या बगला झाल्या. उरलेल्या पाचांचे तुकडे कापून सरवरीनं पुडीत बांधून दिले. जाताना भागिरथा म्हणाली, "आपा, तुमी आता लिवनं बंद नका करू." सरवरीच्या मनात नेमकं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रंजीताला सगळं सांगितलं. रंजीता म्हणाली, "ताई, चूक तुमची एकटीची नाही. त्या चौकटीपुढं सेंटिमीटर की इंच हे लिहायलाच हवं होतं. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही."

मग सॉफ्टवेअर करणाऱ्या त्या लोकांच्या इंग्रजीत चर्चा सुरू झाल्या. उमेरा वाचून सांगायची. एक म्हणे, चुकीचा लेख लगेच काढून टाका. दुसरा म्हणे, लेख काढला तर ज्यांनी आधीच वाचला त्यांना कळणार कसं? तिसरा भलत्याच विषयावर बोलत होता. कुणीच कुणाचा साहेब नव्हता, त्यामुळं शेवटचा शब्दही कुणाचा नव्हता. सरवरी ऐकून थकली.

"अम्मी, लेख तुहा हाय. तूच सांग काय कराचं थे," उमेरा म्हणाली.

"काढू नको," सरवरी म्हणाली. "बिघडलेलं कापड फेकून देल्लं त कोठी बिघडलं थे मानसाले कसं दिसन? वरतून लाल अक्षरात लिव, का इथी सरवरीची चूक झाली. दोन म्हंजे टेपच्या उलट्या बाजूचे दोन. आन ज्यायनं कापलं असन त्यायनं मले फोन करावा."

फोन नंबरही दिला तिनं. उमेरा नको म्हणत होती. इमराननं तर कपाळावर हात मारला. पुढच्या आठवड्यात सात फोन आले. पाच जणींचा टेप उलटाच होता, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. एकीनं कापायच्या आधी कागदावर करून पाहिलं होतं. एकीचा मात्र कुर्ता बिघडला होता, तिला सरवरीनं फोनवरच चौबगला समजावला. बाकीच्या दोनशेंचं काय झालं, हे तिला आजही माहीत नाही. मधूनच तिला ते आठवतं आणि हातातली सुई थांबते.

लेझीम पार पडलं. भागिरथानं फोटो पाठवला. सोळा मुलींचे हात वर, प्रत्येकीच्या बगलेत लाल चौकोन, जणू मुद्दामच तशी फॅशन केली होती. सरवरीनं तो ब्लॉगवर टाकला आणि खाली चौबगल्याची कृती सांगितली. यावेळी प्रत्येक आकड्यानंतर इंच किंवा सेंटिमीटर दोन-दोनदा म्हणून. आकड्यापुढं ते दिसावं अशी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्येही झाली. मग रंजीताचा निरोप आला, की चौबगलाही त्यात कायमचा घ्यायचा आहे, आणि तो कुणाकडून आला त्याचं नाव द्यायचं आहे.

"मालक नाई म्हन्ता, मंग नाव कायले?"

"नाव मालकाचं नाही ताई, ज्याच्याकडून शिकलो त्याचं."

"मी अब्बाकडून शिकली. अब्बा त्यायच्या उस्तादाकडून. उस्तादाचं नाव मले माहीत नाई. त्याच्या आंधी कोन होतं थेबी माहीत नाई."

"मग जेवढं माहीत आहे तेवढं टाकू."

रहमतुल्ला मास्तर, रिसोड, असं तिथं लिहिलं गेलं. सरवरीनं ते उर्दूत आपल्या मापांच्या वहीतही उतरवून ठेवलं. का, ते तिनं सांगितलं नाही.

यंदा हिवाळ्यात भागिरथाचा फोन आला. तिलाही आता ब्लॉगवर लिहायचं होतं. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया जी काचोळी घालतात, आरशांची, पाठीवर नुसत्या दोऱ्या असलेली, तिचा फर्मा सॉफ्टवेअरमध्ये नाही. पोरींना सणाला ती हवी असते आणि शिवणाऱ्या दोघीच उरल्या आहेत. सरवरी शुक्रवार पाहून लॅपटॉपची पिशवी घेऊन आसेगावला गेली. भागिरथा तिला तांड्यावर रुपाबाईकडं घेऊन गेली. रुपाबाई ऐंशीच्या घरातली, अंगावर काचोळी, हातभर बांगड्या.

सरवरीनं तिची दुसरी एक काचोळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. पडद्यावर समोरचा भाग, पाठीचा भाग आणि बाही अशा तीन चौकटी उघड्या होत्या. मधली चौकट भरायची कशानं?

"बाई, याले पाठच नाई."

"पाठ आपली राह्यते ना," रुपाबाई म्हणाली. "कापडाची कायले पायजे?"

भागिरथा हसू लागली. सरवरीनं टेप काढला, पण लावायचा कुठून हे कळेना. रुपाबाईनं तो तिच्या हातातून घेतला, गुंडाळून बाजूला ठेवला आणि भागिरथाच्या खांद्यावर आपली चार बोटं आडवी टेकवली. इथून चार बोटं. मग एक वीत. मग पुन्हा दोन बोटं, इथं आरसा.

"चार बोटं कोनाची?" सरवरीनं वही उघडत विचारलं. "शिवनारीची का घालनारीची?"

"घालनारीची. शिवनारीची कशी चालतीन?"

सरवरीनं तसं लिहून घेतलं. परत आल्यावर तिनं रंजीताला विचारलं, की आकड्याच्या पुढं सेंटिमीटर आणि इंच आहेत, तशी बोटं घालता येतील का. रंजीता म्हणाली की तिला माहीत नाही, विचारून सांगते. त्यावर अजून त्यांची चर्चा चालू आहे. उमेरा म्हणते, चाळीसच्या वर निरोप झाले. काचोळीचा लेख अर्धा बोलून झाला आहे. फोननं "वीत"चं "वीज" लिहिलंय, ते भागिरथा नीट करते आहे.